झाकलेलं कोंबडं

“मावशी, धाव! तुझ्या कोंबडीने मिरची खाल्ली!”

भाचीला वाणगावला उतरून अर्धा तासही झाला नव्हता. एप्रिलची सुट्टी लागलेली, डहाणू लोकलने आलेली, पाठीवरची सॅकसुद्धा अजून उतरवलेली नव्हती. मी हातातलं काम टाकून परसात धावले. आमची टिपकी मिरचीच्या वाफ्यात उभी होती. हंगाम संपत आलेला, झाडांवर पिकून लालभडक झालेल्या चार-दोन मिरच्या राहिलेल्या. बोईसर सोडलं की पुढचं स्टेशन आमचं वाणगाव, आणि आमच्या गावाची बाहेर ओळख आहे ती मिरचीने. खुडायला बसलं तर बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही. टिपकीने तसली एक मिरची चोचीत धरून दोनदा जमिनीवर आपटली, सांडलेल्या बिया टिपल्या, मग सालही गिळलं आणि दुसरीकडे वळली.

“अगं, तिला पाणी दे ना!”

“मागतेय का बघ.”

टिपकीने चोच मातीला पुसली, बस्स. डोळ्यांत पाणी नाही, हाशहुश नाही. भाची तोंड उघडं टाकून बघत राहिली.

तुम्हीही बघत राहिला असतात. गंमत अशी आहे, की मिरचीने आपलं तोंड पोळतं असं आपण म्हणतो, पण खरं तर काहीच पोळत नाही. आपल्या तोंडात गरम वस्तूची खबर मेंदूला देणारे पहारेकरी असतात. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं त्यांनाच जाऊन चिकटतं, ते ‘आग! आग!’ म्हणून ओरडतात आणि मेंदू फसतो. पक्ष्यांच्या तोंडातही असे पहारेकरी असतात, पण त्यांची घडण जराशी वेगळी असते. कॅप्सायसिन त्यांना चिकटतच नाही. पोपटाला मिरची का चालते, ते आता कळलं ना? आणि यात मिरचीच्या झाडाचाही स्वार्थ आहे. उंदीर-खारी दातांनी बिया फोडून टाकतात. रानातले पक्षी फळ गिळतात, लांब उडून जातात आणि विष्ठेतून अख्खी बी नव्या जागी टाकतात. म्हणून झाडाने तिखटाची पाटी लावली : दातवाल्यांनी येऊ नये, चोचवाल्यांचं स्वागत.

टिपकी मात्र या झाडालाही फसवते. कोंबडीला दात नसले तरी पोटात जातं असतं. आपण त्याला पेटा म्हणतो. ती दिवसभर बारीक खडे गिळते, ते पेट्यात साठतात आणि दाणे त्यांत दळले जातात. मिरचीच्या बिया तिथून अख्ख्या बाहेर येणं कठीणच.

त्या सुट्टीत भाचीने आमचं परस ताब्यात घेतलं. तेव्हा टिपकी, काळी आणि भुरी अशा तीन कोंबड्या होत्या, आणि सुभेदार नावाचा एक कोंबडा. सुभेदाराचा तुरा एका बाजूला कललेला, पायाच्या आरी बोटभर लांब, चाल अशी की पगडी तेवढी राहिली. भाचीला त्या चौघांनी समाधान झालं नाही. आठवडी बाजारातून ती दोन पिल्लं घेऊन आली. एक गुलाबी आणि एक हिरवं.

तुम्हीही पाहिली असतील अशी पिल्लं, खोक्यात कलकलाट करणारी, होळी खेळून आल्यासारखी. हा रंग वरून चढवलेला असतो. कोवळी लव झडून खरी पिसं आली की रंग जातो. पण ही इतकी स्वस्त का मिळतात, हे भाचीने विचारलं आणि मला उत्तर द्यावं लागलं. अंड्यांसाठी ज्या जातीच्या कोंबड्या पाळतात, त्यांच्या अंड्यांतून निम्मी पिल्लं नर निघतात. नर अंडी घालत नाहीत, आणि त्या जातीच्या अंगावर मांसही फारसं धरत नाही. मग हे नर कोणालाच नको असतात. बहुतेकांना पहिल्याच दिवशी मारून टाकतात. काहींना रंग फासून बाजारात पाठवतात.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, “मी हे दोन्ही मोठे करणार.”

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरवं पिल्लू खोक्याच्या कोपऱ्यात आडवं पडलं होतं. पहाटे गार वारा सुटला होता आणि आम्ही खोक्यात नुसती चिंधी घातली होती. ऐन एप्रिलमध्ये थंडी कसली, असं आम्हा मोठ्यांनाही वाटलं होतं. चूक झाली होती. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण 33 ते 35 अंश ऊब लागते. आई असती तर ते तिच्या पंखाखाली शिरलं असतं. शेवग्याखाली खड्डा खणला, भाचीने त्यावर जास्वंद ठेवली आणि आम्ही तसेच आत येऊन गुलाबीच्या खोक्यावर 60 वॅटचा बल्ब टांगला. बल्ब किती उंच बांधायचा हे पिल्लूच सांगतं. अगदी खाली चिकटून चिवचिवाट करत असलं तर थंडी वाजतेय, लांब कोपऱ्यात चोच वासून बसलं तर उकडतंय, आणि ऐसपैस पसरून झोपलं तर दिवा बरोबर जागी आहे.

गुलाब्या जगला. नुसता जगला नाही, भाचीच्या लाल चपलांमागे घरभर फिरायला लागला. नव्या पिल्लाला पहिल्या एक-दोन दिवसांत जी हलती वस्तू दिसते तिला ते आई मानतं. डग्लस स्पाल्डिंग नावाच्या माणसाने 1873 सालीच हे पिल्लांवर पाहून लिहून ठेवलं होतं. त्याची पिल्लं त्याच्या मागे फिरत. आमचं पिल्लू चपलेच्या मागे! भाचीने चपला काढून ओटीवर ठेवल्या की हा पठ्ठ्या त्यांच्यात अंग चोरून झोपायचा.

संध्याकाळ झाली की माझी आई, म्हणजे भाचीची आजी, पडवीतून हाक मारते, “कोंबड्या डालल्या का गं?” डालणं म्हणजे डालग्याखाली झाकणं. आता आमच्याकडे लाकडी खुराडं आहे, पण शब्द तोच राहिलाय. भाचीला वाटायचं, या चौघांना पकडायला केवढी पळापळ करावी लागणार. पण उन्हं उतरली की त्या आपल्या आपणच खुराड्याकडे निघतात, शाळा सुटल्यासारख्या नाही, शाळा भरल्यासारख्या, एकामागे एक. कारण त्यांचे डोळे. दिवसा कोंबडीला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. आपल्याला अजिबात न दिसणारा अतिनील प्रकाशही तिला दिसतो. पण अंधार पडला की ती जवळजवळ आंधळी. त्यामुळे दिवसा हाताला न लागणारी काळी रात्री नुसती उचलून घेता येते.

एक खेळ सांगते, तुमच्या ओळखीत कोणाकडे कोंबडी असेल तर करून बघा. तिला दोन्ही हातांनी पंखांवरून हलकेच धरा आणि अंग सावकाश पुढे-मागे, डावी-उजवीकडे करा. तिचं डोकं हवेत जागच्या जागी राहतं! मान लांबते, आखडते, पण डोकं खिळा ठोकल्यासारखं. आपण बुबुळं फिरवून नजर स्थिर ठेवतो. कोंबडीला डोळे फारसे फिरवता येत नाहीत, म्हणून ती अख्खं डोकंच स्थिर ठेवते. चालताना ती मान पुढे झटकते, त्याचंही कारण हेच. आणि हो, खेळून झाल्यावर हात साबणाने धुवायचे. कोंबडी कितीही लाडकी असली तरी तिच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

आता मुख्य गोष्ट. एका दुपारी आई कोणाबद्दल तरी म्हणाली, “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?” भाचीने कान टवकारले. म्हणीचा अर्थ तिला शाळेत शिकवला होता : खरं लपवलं तरी ते बाहेर यायचं थांबत नाही. पण तिचा प्रश्न वेगळाच होता.

“उजाडायचं राहत नाही, कळलं. पण झाकलेलं कोंबडं आरवतं का?”

आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. इतकी पिढ्यान्‌पिढ्यांची म्हण, पण आत बसलेल्या कोंबड्याचं काय होतं, हे आमच्या घरात कोणी विचारलंच नव्हतं.

मग काय, झाकलं. त्या रात्री सुभेदाराचं खुराडं आम्ही पोत्यांनी लपेटलं. हवेपुरती खाली फट ठेवली, बाकी उजेडाचा कवडसासुद्धा आत जाणार नाही असा बंदोबस्त. भाची माझा मोबाइल उशाशी घेऊन झोपली. पहाटे बाहेर काळोख होता, सूर्य उगवायला दीड तास तरी अवकाश, आणि पोत्यांच्या आतून दबलेला पण ठणठणीत आवाज आला. कुकू-ऽऽच-कू! भाचीने वेळ पाहिली : पावणेपाच. आदल्या दिवशीही साधारण तेवढेच वाजले होते.

हाच प्रश्न जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा या शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्यांनी कोंबडे अशा खोल्यांत ठेवले, जिथे दिवस-रात्र सारखाच मंद उजेड असे. बाहेर कधी उजाडलं हे कळायचा काही मार्गच नाही. तरी कोंबडे रोज आपल्या वेळेला आरवत राहिले. म्हणजे त्यांच्या अंगातच घड्याळ आहे. ते अगदी बरोबर चालत नाही, त्याचा दिवस 24 तासांपेक्षा किंचित लहान असतो, म्हणून खऱ्या सूर्याचा उजेड मिळाला की ते रोज जुळवून घेतलं जातं. हे संशोधन 2013 साली छापून आलं. सूर्य दिसला म्हणून कोंबडा आरवतो, ही आपली समजूत. तो सूर्याच्या आधीच तयार असतो.

“म्हणजे पोत्यात त्याला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

भाचीने वहीत लिहिलं : ‘झाकलेलं कोंबडं पण आरवतं. वाणगाव, पोती 4.’

जूनमध्ये ती मुंबईला गेली. गुलाब्या इथेच राहिला. त्याला पांढरीशुभ्र पिसं आली, तुरा लाल होऊन वर आला, गुलाबी रंगाचा मागमूसही उरला नाही. नाव मात्र गुलाब्याच. पाहुण्यांना कारण सांगताना अजून पाच मिनिटं जातात.

गणपती झाले, नवरात्र आलं आणि टिपकी खुडूक बसली. खुडूक कोंबडी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. अंडी घालणं बंद, कोपऱ्यातल्या टोपलीत पिसं फुलवून बसायचं, जवळ गेलं की ‘कूर्रर्र’ करून टोचायचं. मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्याचा हा प्रताप. काही लोक खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुचकळतात. आईला ते पटत नाही. तिने दसऱ्याच्या संध्याकाळी रवण घातली. टोपलीत गवत, त्यावर 11 अंडी, प्रत्येकावर कोळशाची खूण, आणि मधे कोळशाचा एक तुकडा. परतीच्या पावसाच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून, असं आई म्हणते. कोळशाचा काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. तुकडा मी काढला नाही, हेही खरं.

आणि दसराच का? बोटं मोडून मोजा. दसरा दशमीचा. तिथून अमावास्येला लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा. किती दिवस झाले? एकवीस. कोंबडीचं अंडं उबायला लागतात तेही एकवीसच. दसऱ्याची रवण पाडव्याला फुटते. भाचीला दिवाळीच्या सुट्टीत पिल्लं बघायला मिळावीत, म्हणून आईने साधलेला हा मुहूर्त.

टिपकी दिवसातून एकदाच उठायची. पळत जाऊन दाणे खायची, पाणी प्यायची, एक भलामोठा गोळा टाकायची आणि वीसेक मिनिटांत परत. बसल्यावर चोचीने एकेक अंडं उलटं करायची, कडेचं मधे, मधलं कडेला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. अंडं फिरवलं नाही तर आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. पिल्लं काढायच्या मोठ्या यंत्रांतही अंडी अशीच फिरवत राहावी लागतात.

सातव्या रात्री मी टिपकीच्या पोटाखालून एक अंडं काढून टॉर्चवर धरलं. अंड्याचं कवच आपल्याला बंद भिंत वाटते, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत-बाहेर होते, आणि अंधारात टॉर्च लावला की ते कंदिलासारखं उजळतं. आत तांबड्या रेषांचं कोळ्याचं जाळं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका हलला. माझ्या हातात, कवचाच्या आत, हलला. ग्रीसच्या अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे 2300 वर्षांपूर्वी असंच केलं होतं. त्याच्याकडे टॉर्च नव्हता, म्हणून तो रोज एकेक अंडं फोडून बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याला पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका उड्या मारताना दिसला. ते हृदय होतं. चोच नाही, पाय नाहीत, डोळे धड नाहीत, पण धडधड सुरू. आमची दोन अंडी मात्र नुसतीच पिवळी उजळली. पोकळ निघाली. ती बाजूला काढली.

धनत्रयोदशीला भाची आली. तिला गुलाब्याने ओळखलं का, हे मी सांगू शकत नाही. तिच्या चपलांकडे त्याने तिरकं पाहिलं एवढं खरं. त्याला वेळ नव्हता, कारण सुभेदार त्याला सारखा हुसकत होता. इथे मी भाचीला नॉर्वेतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे त्याचं नाव. लहानपणी सुट्टीत तो कोंबड्यांचं टोचणं तासन्‌तास बघायचा आणि कोण कोणाला टोचतं ते वहीत लिहायचा. त्याच्या लक्षात आलं, की ही नुसती भांडणं नाहीत, ही उतरंड आहे. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिली सोडून सगळ्यांना, आणि शेवटची बिचारी कोणालाच नाही. मोठेपणी, 1922 साली, त्याने यावर शास्त्रीय निबंध लिहिला. आज जगभर प्राण्यांच्याच नव्हे, माणसांच्या कचेरीतल्या उतरंडीलाही कोंबड्यांच्या टोचण्यावरून पडलेलं नाव वापरतात. भाचीने लगेच वही काढली. दोन दिवसांत तक्ता तयार : काळी भुरीला टोचते, भुरी कोणालाच नाही, टिपकी रवणीवरून उठली की दोघींना. सुभेदार गुलाब्याला. गुलाब्या फक्त माझ्या चपलेला.

आणि पहाटे? पहाटे आधी सुभेदार आरवायचा, मग गुलाब्या. एकदाही उलट झालं नाही. त्याच जपानी शास्त्रज्ञांनी 2015 साली हेही दाखवलं, की गटात सगळ्यांत वरच्या कोंबड्याचा मान पहिला. बाकीचे आपापल्या पायरीने मागून. आणि वरच्याला गटातून बाजूला काढलं, की दुसरा पहिला होतो.

“आपण सुभेदाराला एक रात्र शेजारी ठेवूया?” भाचीने लगेच विचारलं.

“सणाच्या दिवसांत घरचं कोंबडं बाहेर जायचं नाही,” आई म्हणाली. विषय संपला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा आवाज जरा कमी झाल्यावर भाचीने टोपलीला कान लावला आणि एकदम माझा हात घट्ट धरला. अंड्यातून आवाज येत होता. बारीक, चिव, चिव. कवच अजून अखंड. पिल्लू आतल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसून श्वास घ्यायला लागलेलं असतं. टिपकीने खालच्या पट्टीत ‘क्लक, क्लक’ केलं. आतून उत्तर आलं. ती दोघं एकमेकांना दिसायच्या आधी बोलत होती.

सकाळी, पाडव्याच्या आंघोळी चालू असताना, एका अंड्याला तारेसारखी चीर गेली. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक पांढरा टणक कण असतो, त्याने ते कवच फोडतं. तो कण पुढे गळून जातो. पिल्लू टोचतं, दमतं, झोपतं, थोडं फिरतं, पुन्हा टोचतं. भाचीला राहवेना. “मी थोडं सोलू का?” नाही! आत कवचाच्या पापुद्र्यात रक्त वाहत असतं, ते पूर्ण आत ओढलं जाईपर्यंत घाई करायची नाही. उरलेला पिवळा बलकही पिल्लू शेवटच्या घटकेला पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काही न खाता राहू शकतं. बाजारातली रंगीत पिल्लं खोक्यांतून एवढा प्रवास करतात ती त्याच शिदोरीवर.

संध्याकाळपर्यंत आठ पिल्लं बाहेर आली. ओली, चिकट, म्हाताऱ्यासारखी, आणि तासाभरात फुललेली. नववं अंडं चीर जाऊन थांबलं. त्यातली चिवचिव रात्री बंद झाली. भाची रडली. तिच्या आजीने तिला जवळ घेतलं आणि त्याच दमात सांगितलं, “एक लक्षात ठेव. या पिल्लांना नावं ठेवायची नाहीत.”

यामागे आमच्या घरचा कायदा आहे. गावाकडे कोंबडा पाळतात तो शेवटी रश्शासाठी. पाहुणा येतो, सण येतो, कोणाचा देवाला नवस असतो. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण ज्याला नाव आहे त्याला आमच्याकडे सुरी लावत नाहीत. म्हणून नाव देण्याचा हक्क आईने आपल्याकडे ठेवलाय आणि ती तो फार जपून वापरते.

त्या दिवसांत भाताची झोडणी चालू होती. भाचीने पिल्लांना डब्यातला पांढराशुभ्र तांदूळ घातला. आईने तो बाजूला सारला आणि कणीत कोंडा कालवून दिला. हा कोंडा साधा नाही बरं. 1890च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर माणसांच्या पायांतली शक्ती घालवणाऱ्या बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होते. त्यांच्या अंगणातल्या कोंबड्याच लुळ्या पडल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळलं, की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला, कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता, नव्या आचाऱ्याने तो बंद केला. जंतू नव्हताच! कोंड्याबरोबर काहीतरी निघून जात होतं. ते होतं ब-1 जीवनसत्त्व. आइकमान यांना 1929 साली नोबेल मिळालं. भाताशी कोंबडीचं नातं तर त्याहून जुनं आहे. आग्नेय आशियात माणसं भात पिकवायला लागली, तेव्हा दाण्यांच्या मोहाने तांबडे रानकोंबडे शेताजवळ आले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास घरचे झाले, असं आता अभ्यासकांना वाटतं. टिपकीचे पाय मात्र पिवळे आहेत, आणि पिवळ्या कातडीचा गुण तांबड्या रानकोंबड्याचा नाही. तो आला करड्या रानकोंबड्याकडून, जो आपल्या सह्याद्रीत राहतो. 2008 साली जनुकं तपासून हे कळलं. वारली चित्रांत अंगणातली कोंबडी आणि तिच्यामागची पिल्लं असतात ना, त्यांच्या काडीसारख्या पायांत आमच्या डोंगराचाही वाटा आहे म्हणायचा.

आठाची पाच कशी झाली ते थोडक्यात सांगते. दोन कावळ्याने नेली, एक मुंगसाने. तिन्ही वेळा सुभेदार ओरडला होता. वरून घार किंवा कावळा आला की तो लांब, बारीक किंकाळी मारतो आणि पिल्लं जागच्या जागी दबतात. जमिनीवरून मुंगूस आलं की ‘कुट्‌ कुट्‌ कुटाऽक’, आणि सगळी मान वर करून बघतात. हे दोन वेगळे शब्दच आहेत. संशोधकांनी कोंबड्यांना टीव्हीच्या पडद्यावर ससाणा दाखवून हे तपासलंय. आमच्या सुभेदाराला टीव्हीची गरज नव्हती.

जानेवारीत लस घ्यायची ठरली, मानमोडीची. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, पण रोग पाहिला की आपलाच शब्द खरा वाटतो. ही लस एका कुपीत शंभर किंवा जास्त कोंबड्यांपुरती येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकच रात्र ठरवली. रात्रच, कारण अंधारात कोंबड्या पळत नाहीत. (जंतू दुबळा करून लस बनवण्याची युक्तीही कोंबड्यांवरच जमली. 1879 साली लुई पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत, कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर.) घरोघरी पंखाजवळ सुई टोचत आम्ही फिरलो. आमच्या सगळ्यांना टोचली, एक सोडून. सुभेदार हल्ली खुराड्यात जागा गुलाब्याला सोडून चिकूच्या झाडावर झोपायचा. तो फार वर होता, शिडी लांबच्या वाडीत होती, आणि मी म्हटलं, उद्या बघू. कुपीला उद्या नसतो हे मला माहीत होतं.

शिमग्याच्या आधी गावात मानमोडी आली. सुभेदार दोन दिवस कोपऱ्यात उभा होता, हिरवी विष्ठा टाकत, चोच वासून श्वास घेत. तिसऱ्या दिवशी त्याची मान उलटी पिळली गेली. पाणी प्यायला चोच भांड्याकडे न्यायची तर ती पाठीकडे जायची. आई त्याच्याजवळ बसून होती. दुपारी तो गेला. खोल खड्डा खणून, चुना घालून पुरला, हात धुतले, दवाखान्यात कळवलं. कोंबड्या मरायला लागल्या की कळवायचंच असतं. 2006 साली नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून तर नक्कीच. बाकीच्या सगळ्या ठणठणीत राहिल्या, लस टोचलेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पावणेपाच वाजले. चिकूच्या झाडावरून काही आवाज आला नाही. मी मोबाइल हातात घेऊन पडवीत उभी राहिले. भाचीला फोनवर सुभेदाराचं सांगितलं होतं, आणि ती बराच वेळ काही बोलली नव्हती.

मग खुराड्यातून गुलाब्या आरवला. आधी घसा खरवडल्यासारखा, मग पूर्ण. एकटा, आणि पहिला. मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं. तो थांबल्यावर आणखी एक आवाज आला, फाटका, अर्ध्यात मोडलेला, दार करकरल्यासारखा. पाडव्याच्या पाचांपैकी कोणीतरी एक, चार महिन्यांचा, आयुष्यात पहिल्यांदा आरवत होता.

ते मी भाचीला पाठवलं. शाळेला निघताना तिने ऐकलं असणार. सात वाजता तिचा निरोप आला :

“दुसऱ्याचं नाव मी ठेवलंय. आजीला सांग.”